पाखऱ्याच्या कपाळातला आवाज

(पौष महिना, सन १९३४. सोलापूर. सिद्धेश्वराच्या यात्रेतला जनावरांचा बाजार. भर दुपार.)

रामहरी : असा उनाकडं तोंड करून हुबा ऱ्हा, रावजी, अन् मग बग. शिंगातनं उजेड आरपार दिसतोय का न्हाय?

रावजी : रामहरी, जरा बाजूला चल की.

रामहरी : हितंच बोल. दावं सोडलं की पाखऱ्या बुजतोय. अख्ख्या मंद्रूपात कुणाच्या बैलाची अशी शिंगं न्हाईत. तीन दिस साळली. आदी चाकूनं, मग काचंनं, मग लाल हुरमुंज लावून तेल चोपडलं. सोना म्हणत हुती, बास करा आता, शिंग हाय ते, ऊस न्हाय सोलत बसाय.

रावजी : मी मास्तरांची सायकल घिऊन आलोय.

रामहरी : तुला कवा आली सायकल? दिवाळीत देवळाच्या कट्ट्याला धडाकलास नव्हं?

रावजी : आज आली.

रामहरी : कळलं. सोनानं धाडलंय तुला, पुडीसाठी. सांग तिला, इसरलो न्हाय म्हणावं. जाताना नव्या पेठंतनं घेतो. इंग्रजी औषदाच्या दुकानातली, बशीत जाळून धूर वडायची, तीच. आदी हितलं हुंदे. दोन वाजता सायेब येणार हाय बैलं बगाय.

रावजी : पुडी नगं.

रामहरी : नगं कशी? परवा निगालो तवा उंबऱ्यावर बसून हापत हुती. वर मलाच म्हणाली, जावा तुमी, मला काय हुतंय.

रावजी : आता नगं तिला.

रामहरी : म्हंजी?

रावजी : सकाळी गोठ्यात गेली हुती, शेण काडाय. शेजारच्या जगदेवीनं कुडाच्या फटीतनं बगितलं. गव्हाणीला टेकून बसली हुती. जगदेवीला वाटलं, दम खात बसलीया.

रामहरी : मग?

रावजी : मग काय सांगू, रामहरी.

रामहरी : कवा?

रावजी : गुरं सुटायच्या येळंला.

रामहरी : तवा मी हुरमुंज लावत हुतो.

रावजी : तू सायकल घे, हो म्होरं. दिवस मावळायच्या आत न्ह्यायचं हाय. तिचा भाऊ आलाय, लोक थांबल्यात. बैल मी आणतो मागनं.

रामहरी : तुला न्हाय आवरायचा त्यो.

रावजी : मी आणतो म्हणतोय की!

रामहरी : गाय मेली तवा दीड म्हैन्याचा हुता ह्यो. तिनं फडक्यानं दूध पाजून वाडवलाय. ह्याला बाजारात सोडून तिच्या म्होरं जाऊ? तू जा. सांग तितं, आलोच म्हणावं. बैल घिऊन आलोच.

* * *

डॉक्टर : शिंग कधी मोडलं म्हणालात?

केराबाई : पौषात. आता चैत सरला. चार म्हैनं ह्यानं कुणाला दावलं न्हाय, डाक्तर. म्या वडून आणलंय दोगांनाबी. त्यातल्या त्यात बैल वडाय सोपा गेला.

डॉक्टर : तुम्ही ह्यांच्या कोण?

केराबाई : ह्याच्या बायकूची थोरली भन. केराबाई. आमी मैंदर्गीच्या. मला हितं सोलापुरात दिली, मी गिरणीत जाते. सोनाला मंद्रूपात दिली. पौषात गेली ती.

डॉक्टर : हं. आणि रामहरी, तुम्हाला तोंड आहे ना? शिंग मुळातून कसं गेलं?

रामहरी : फाटकाला लागलं.

डॉक्टर : कुठल्या फाटकाला?

रामहरी : रेल्वेच्या. यात्रंतनं घरला निगालो हुतो. फाटक लागलं हुतं अन् मला घाई हुती. बैल पार दांड्याला नेऊन भिडवला. इंजिनानं शिट्टी दिली, ह्यानं मुंडी हाणली. हाडासकट मोडलं.

डॉक्टर : खिलार बैलाचं शिंग, एका धडकेत?

रामहरी : जाड ठिवलंच नव्हतं म्या. साळून साळून कागदागत केलं हुतं.

केराबाई : यात्रंत मिरवायला.

रामहरी : व्हय. मिरवायला.

डॉक्टर : मग लगेच का नाही आणलंत? दवाखाना कोसभरावर होता.

रामहरी : उलटं कसं फिरू, सायेब? म्होरं घरी सोना हुती. मुंडाशानं बांदलं, वर चिखूल लिपला अन् वडत न्हेला. रगात थांबंना, ह्यो बसाय लागला. वड्यापातूर आलो अन् मसणवट्यात धूर दिसला.

केराबाई : लोकांनी वाट बगून बगून न्हेलं तिला. भावानं अग्नी दिला.

डॉक्टर : बैलाचं डोकं जरा इकडे वळवा. ही पट्टी काढतो. अरेरे. आत बोट जाईल एवढं भोक आहे. आणि हा आवाज—

केराबाई : आयकलंत?

डॉक्टर : थांबा, बोलू नका.

केराबाई : आयकलंत नव्हं? अय्यो शिवा! श्वास घेतला की बारीक शिट्टी, सोडला की घरघर. सोनाच्या छातीत असंच वाजायचं. पोरपणापासनं. मंद्रूपच्या बाया गोठ्यात येत्यात ऐकाय. कुणी बैलाच्या कपाळाला कुक्कू लावतंय, कुणी वटी भरतंय. देवरुशी म्हणतोय, सोना गोठ्यात मेली, ती ह्याच्यात शिरली.

डॉक्टर : कोणी शिरलेलं नाही. बैलाचं शिंग आतून पोकळ असतं. ती पोकळी कपाळाच्या पोकळीला जोडलेली, आणि कपाळाची नाकाला. शिंग मुळातून गेलं की कपाळाला खिडकी पडते. नाकातली हवा तिथूनही ये-जा करते. भोक बारीक, आत पू, म्हणून शिट्टी. बासरी वाजते तशी.

केराबाई : आसंल. पर बासरीला दमा नसतो, डाक्तर.

डॉक्टर : मला कोडं वेगळंच आहे. असं भोक बहुधा आपलं आपण भरत येतं. कडेनं नवं मांस धरतं, आक्रसत जातं. चार महिन्यांत हे का आक्रसलं नाही? रामहरी?

रामहरी : काय की.

डॉक्टर : कशानं धूत होतात?

रामहरी : लिंबाच्या पाल्यानं.

डॉक्टर : पाल्यानं तर बरं व्हायला पाहिजे होतं. असो. हे बंद करावं लागेल. पावसाळी माशा आल्या की आत किडे पडतील. पू वर चढला की संपलं. बैल आषाढ बघणार नाही.

रामहरी : बंद म्हंजी, पुरतं बंद?

डॉक्टर : म्हणजे काय?

रामहरी : बारीक फट न्हाय का ठिवता येत? हवेपुरती?

डॉक्टर : फट घराला ठेवतात. कपाळाला नाही. ऐका. नुसतं टाचून हे मिटणार नाही, कडा ओढल्या तर फाटतील. आधी आतला पू धुऊन काढायचा. मग कानामागचं कातडं, खालच्या मांसाच्या पदरासकट, जिभेसारखं कापायचं. एका बाजूनं अंगाला जोडलेलंच राहू द्यायचं, म्हणजे त्यात रक्त खेळतं. ते फिरवून भोकावर बसवायचं आणि टाके घालायचे. आठ-दहा दिवसांत ते तिथलंच होऊन जातं.

केराबाई : ठिगळ की हो.

डॉक्टर : ठिगळच. जिवंत ठिगळ.

रामहरी : माजं काडा.

डॉक्टर : काय?

रामहरी : कातडं. माज्या मांडीचं काडा. त्याला आनी कशाला कापताय? आदीच माज्यापायी शिंग गेलंय त्याचं.

केराबाई : तुजं लावलं तर बैल तुज्यागत हट्टी व्हईल. मग वखराला कोण वळवणार?

डॉक्टर : नाही चालत, रामहरी. दुसऱ्याचं लावलं तर अंग ते टाकून देतं. कितीही माया असो. ज्याचं त्याचंच लागतं.

* * *

डॉक्टर : पट्टी कोणी सोडली होती?

केराबाई : कुणी न्हाय. म्या भाकरी घिऊन आले, तवापासनं अशीच हाय.

डॉक्टर : परवा मी स्वतः बघितलं. ठिगळ धरलं होतं. गुलाबी होतं, टोचलं तर रक्त येत होतं. आज सहावा दिवस. आता हे बघा. अर्धं सुटून लोंबतंय, काळं पडलंय. आणि भोक पुन्हा उघडं.

केराबाई : कावळा बसला आसंल. दवाखान्याच्या पिपरणीवर थवा हाय कावळ्यांचा. न्हायतर...

डॉक्टर : नाहीतर काय?

केराबाई : न्हायतर तिनंच. सोनानं. तिला कोंडून घ्यायचं नसंल.

डॉक्टर : केराबाई, हे टाके बघा. मी बारा घातले होते. चार जागेवर आहेत, आठ कापलेत. तुटलेले नाहीत, कापलेत. सरळ आणि स्वच्छ. कावळ्याला हे जमत नाही. मेलेल्या माणसालाही नाही.

केराबाई : मग कुणी कापलं?

डॉक्टर : रामहरी, बंडीच्या खिशात काय आहे?

रामहरी : काय न्हाय.

डॉक्टर : काढा.

केराबाई : काड की, बाबा. डाक्तर काय म्हणत्यात?

रामहरी : काच हाय.

केराबाई : कसली काच?

रामहरी : शिंगं साळायची.

केराबाई : रामहरी!

रामहरी : वरडू नगंस, आक्का. त्यो बुजतोय.

डॉक्टर : चार महिनेही तुम्हीच. भरत आलं की उघडायचं. होय ना?

रामहरी : दाभणानं. शेकून घेत हुतो दाभण. जरा साय धरली की आवाज बारीक व्हायचा. मग कडंनं सोलायचो. त्यो हलायचा न्हाय, सायेब. लई गुणाचा हाय. डोळ्यातनं पाणी यायचं त्याच्या, पर पाय उचलला न्हाय कवा.

डॉक्टर : मी माणसांवर हात उचलत नाही, म्हणून तुम्ही इथे उभे आहात.

रामहरी : मारा की. मी कुटं न्हाय म्हणतोय.

केराबाई : का केलंस? बाया म्हणत्यात ते खरं वाटलं तुला? ती शिरली म्हणून?

रामहरी : म्या न्हाय म्हणत शिरली. मला ठावं हाय, हवा हाय ती. मला खुळा समजू नगंस. पर सकाळी गव्हाणीपाशी गेलो की त्यो आवाज असतोय. ती चुलीपाशी असायची तवा माज्या पाठीला जसा ऐकू यायचा, तसा. मी बोलतो जरा. लई काय न्हाय. हिरीचं पाणी तळाला गेलं. जगदेवीच्या शेरडीला पिल्लू झालं. एवडंच.

केराबाई : एक पिल्लू का दोन?

रामहरी : दोन पिल्लं. तेच सांगत हुतो. तू आता शबुद पकडू नगंस.

केराबाई : बरं, न्हाय पकडत. बोल.

रामहरी : मला तोंड बगाय मिळालं न्हाय तिचं. रावजीनं सायकल दिली हुती. दोन घंट्यात पोचलो असतो. मी बैल धरून बसलो. बैल सोडून कसा जाऊ, म्हणालो. खरं म्हंजी, सायेब, मला जायाचंच नव्हतं. जोवर पोचत न्हाय तोवर ती हाय, असं वाटत हुतं. मग धूर दिसला. तेरा दिस घरात नुसती शांतता. चौदाव्या दिवशी शेण काडाय गोठ्यात गेलो, अन् ह्याच्या कपाळातनं आवाज आला. मी तितंच बसलो. ती बसली हुती तितंच, गव्हाणीला टेकून. आता तुमी म्हणताय बंद करू. केलं की मग काय ऱ्हातंय?

डॉक्टर : बैल राहतो.

रामहरी : व्हय. त्यो ऱ्हातो.

डॉक्टर : उघडं ठेवलं तर तोही राहत नाही, आणि आवाजही राहत नाही. आषाढापर्यंतचा हिशेब आहे तुमचा. त्यापुढे काय ऐकणार होतात?

रामहरी : तितवर गेलोच न्हाय मी.

केराबाई : रामहरी, माज्याकडं बग. खाली बगू नगंस. तुजं लगीन ठरलं तवा तुला सांगितलं हुतं का आमी, पोरीला दमा हाय म्हणून?

रामहरी : न्हाय.

केराबाई : न्हाय. का ठावं हाय? सांगू नगा म्हणून तिनं आमच्या अव्वाच्या, आईच्या, पायावर हात ठिवला हुता. बोलणी कराय तुमी लोक आला, तवा आत माज्या मांडीत तोंड खुपसून बसली हुती. पदराचा बोळा तोंडात. शिट्टी ऐकू जाऊ नये म्हणून. निळी पडली हुती पोरगी. पाव्हणं गेलं अन् मला म्हणाली, आक्का, हा आवाज काडून कुटं टाकता आला असता तर.

रामहरी : मला कदी बोलली न्हाय.

केराबाई : तुला काय बोलायची? तुज्या पाठीला ऐकू यायचा म्हणतोस. तू गोठ्यात गेलास की ती मोकळ्यानं दम टाकायची. तू आलास की दाबायची. अठरा वर्सं दाबला. जे ऐकू यायचं ते दाबून उरलेलं हुतं, बाबा. सोना म्हंजी काय त्यो आवाज न्हाय. त्यो तिचा आजार हुता. तिच्या गळ्यावर बसला हुता. तिला जनमभर नको हुता, अन् तू नेमका त्योच ठिवून घेतलास. तिचं दुसरं काय ठिवलंस? तिनं वाडवलेला बैल हाय. त्याच्या कपाळात दाभण घालतूस.

डॉक्टर : राहू द्या, केराबाई.

केराबाई : ऱ्हातंय, डाक्तर. म्या बोलले ते बोलले. माजी बी भन हुती.

रामहरी : सायेब.

डॉक्टर : बोला.

रामहरी : आनी एकदा जमंल का?

डॉक्टर : अवघड करून ठेवलंय तुम्ही. कानामागचं कातडं वाया गेलं. आता मानेवरून लांब पट्टी उचलावी लागेल. एक टोक मानेलाच जोडलेलं ठेवायचं, दुसरं कपाळावर आणून शिवायचं. झोळीसारखं दिसेल. तीन आठवडे. नवीन जागेचं रक्त त्यात सुरू झालं की मग मानेकडचं टोक कापायचं. तीन आठवडे बैलानं मान फिरवता कामा नये, डोकं घासता कामा नये. गळ्याभोवती बांबूच्या कांब्या बांधीन. पण जवळ माणूस पाहिजे. दिवसभर. हात त्याच्या मानेवर ठेवून.

केराबाई : मी रजा काडते. ह्याला बशिवला तर हा आनी सोलंल.

डॉक्टर : नाही. बैल ह्यांच्याच हाताला उभा राहतो. दाभण सोसलं त्यानं ह्यांच्या हातचं. दुसऱ्याच्या हाताला उभा राहणार नाही. रामहरीच बसतील.

रामहरी : मी बसतो. आक्का, ही काच घे. ठिव तुज्यापाशी.

केराबाई : मला नगं. टाक तिकडं उकिरड्यात.

* * *

डॉक्टर : दिवा जवळ आणू नका, उजेड भरपूर आहे. हं. कड धरली. इथे दाबलं की पांढरं होतं, सोडलं की लाल. केस सुद्धा यायला लागलेत.

केराबाई : मानंचे केस कपाळावर. भोवरा उलटा पडलाय बगा.

डॉक्टर : पडू द्या. पोळ्याला बाशिंग बांधलं की दिसणार नाही. रामहरी, मान आकसली आहे थोडी. आठ दिवस जू नको. मग हलकं काम. आणि दुसरं शिंग—

रामहरी : हात लावत न्हाय.

डॉक्टर : तेलही नको.

रामहरी : तेल बी न्हाय.

डॉक्टर : आता आवाज ऐका. नाकाशी कान आणा. ऐकू येतंय? नुसता श्वास. हा निरोगी बैलाचा श्वास.

रामहरी : ऐकतो की रोज. टाकं काडलं तवापासनं सकाळी कान लावतो कपाळाला.

केराबाई : अन्?

रामहरी : काय न्हाय. कानाला नुसतं गरम लागतंय.

केराबाई : बोलतूस का अजून?

रामहरी : बोलतो. ऐकतंय का कोण, ते बगत न्हाय आता.

डॉक्टर : वहीत नाव काढून टाकतो. पुन्हा यायची गरज नाही. बैल धडका द्यायला लागला, नाकातून पू आला, तरच या. लगेच या. चार महिन्यांनी नाही.

रामहरी : व्हय, सायेब. तुमी मारलं न्हाईत मला. मारायला पायजे हुतं.

डॉक्टर : जा आता. उन्हं चढतील.

केराबाई : चल, मी चौकापातूर येते. मग गिरणीचा भोंगा व्हायच्या आत मला खात्यात जायाचंय. सरळ मंद्रूपची वाट धर. फाटक लागलं आसलं तर थांब.

रामहरी : थांबतो.

केराबाई : लांब थांब.

रामहरी : व्हय, आक्का. लांब थांबतो.

केराबाई : अरं, हिकडं कुटं वळवतूस बैल? मंद्रूपचा रस्ता तिकडं. तासाभरात ऊन तापंल. हितं आता काय काम ऱ्हायलंय तुजं?

रामहरी : नव्या पेठंत जायाचं हाय.

केराबाई : तितं काय?

रामहरी : तिची पुडी घ्यायची ऱ्हायलीय.